गच्चीवर म्हटलेला पाढा

चिपळूणहून कोणी पाहुणा उन्हाळ्यात आमच्याकडे शारजाला आला, की मी त्याला दारातच सांगतो, आंघोळीला निळ्या खुणेचा नळ सोडू नको. पाहुणे ऐकत नाहीत. दोन मिनिटांत बाथरूममधून आरोळी येते आणि आमची ही स्वयंपाकघरातून हसते. त्याचं असं आहे, निळ्या नळाला येतं गच्चीवरच्या टाकीतलं पाणी, आणि जून ते सप्टेंबर ते पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं. गीझर आम्ही मे महिन्यातच बंद करून टाकतो. त्याची टाकी घरात, एसीच्या गारव्यात, त्यामुळे त्यातलं पाणी गार राहतं. म्हणजे लाल नळाला गार आणि निळ्याला गरम. माझी मुलगी इथेच वाढली, तिला यात काही विशेष वाटत नाही. ती म्हणते, "बाबा, दॅट्स नॉर्मल."

सव्वीस वर्षं मी या मुलखात एसी दुरुस्त केले. गेल्या वर्षी कंपनीने केक कापून मला मोकळं केलं. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून गावाकडच्या मित्राने मागे लागून लागून माझा जीव खाल्ला, तेव्हा हे लिहायला बसलोय. मी लेखक नाही. माझ्या हाताला पाना बसतो, पेन बसत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

एसीवाल्याला लोक घराच्या आतून ओळखतात. एसी सोळावर ठेवून दोन रजया घेऊन झोपणारे आणि वर थंडी वाजते अशी तक्रार करणारे मी पाहिलेत. अबूधाबीच्या खलिफा सिटीत पुण्याच्या एक बाई होत्या. महिन्यातून दोनदा त्यांचा फोन, "एसी गार करतच नाही हो." गेलो तर बाल्कनीचं सरकतं दार वीतभर उघडं आणि त्या फटीत तुळशीची कुंडी. बाहेर ठेवली तर जळते, आत ठेवली तर गुदमरते, म्हणून मध्ये. मी म्हटलं, "ताई, तुम्ही अख्ख्या खलिफा सिटीला एसी पुरवताय." त्या म्हणाल्या, "असू दे, तुम्ही गॅस भरा." शेवटी मीच त्यांना खिडकीच्या आत काचेला लागून एक फळी ठोकून दिली. तुळस जगली आणि त्यांचे फोन बंद झाले.

आणि दुबईतल्या मुहैस्नाहचे मजुरांचे कॅम्प. एका खोलीत आठ माणसं, रात्रपाळी करून आलेली, दिवसा झोपणारी. तिथला एसी बंद पडला की आम्ही हातातलं सगळं टाकून तिकडे पळायचो. दिवसभर व्हिलात बसणाऱ्याला एसी ही सोय आहे. रात्रभर सळया बांधून आलेल्या माणसाला दिवसाची झोप मिळाली नाही, तर पुढच्या रात्री तो परांचीवरून खाली येतो. त्या खोल्यांत एसी सुरू झाल्यावर कोणी उठून आभार मानत नसे. नुसते कुशीवर वळायचे. माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी शाबासकी मी तीच समजतो.

आता धंदा थोडक्यात सांगतो. एसी काही गारवा तयार करत नाही. तो घरातली उष्णता उचलतो आणि गच्चीवर नेऊन टाकतो. गच्चीवर युनिटचं जे पत्र्याचं खोकं असतं, त्यात ती उष्णता बाहेर फेकणारा पंखा असतो. बाहेरच अठ्ठेचाळीस डिग्री असली की ती उष्णता घ्यायला हवा तयार नसते. दाब वाढतो, पंख्याची मोटर जळते आणि सगळं ठप्प होतं. म्हणजे ज्या दिवशी एसी लागतो त्याच दिवशी तो मरतो, आणि त्याला जिवंत करायला माणसाला गच्चीवर जावं लागतं. आमचे पाने आम्ही पाण्याच्या बादलीत ठेवायचो, नाहीतर हाताला फोड येत. सिमेंटवर गुडघा टेकायचा तर खाली पुठ्ठा लागे. हे सगळं सोसता येतं. सोसता येत नाही ते डोक्याचं.

उन्हाचा एक हरामीपणा असा, की ते आधी अक्कल घेतं आणि मग शरीर. ज्याला ऊन लागतं त्याला शेवटपर्यंत वाटत असतं की मी एकदम ठणठणीत आहे. पहिल्या उन्हाळ्यात मी स्वतः एका गच्चीवर चालू वायरला हात लावायला निघालो होतो, हसत हसत. बरोबरच्या माणसाने कॉलर धरून ओढलं म्हणून आज लिहितोय. म्हणून आमच्यात नियम होता की गच्चीवर एकट्याने जायचं नाही. दोघांनी जायचं. एकाने काम करायचं, दुसऱ्याने जिन्याच्या खोलीच्या सावलीत बसून त्याच्यावर लक्ष ठेवायचं, आणि पंधरा मिनिटांनी बदली.

पण नुसतं लक्ष ठेवून कळतं कुठे? मी फोरमन झालो तेव्हा मला एक अक्कल सुचली. आमच्या तुकडीत चौघे मराठी होतो, चौघेही जिल्हा परिषदेच्या शाळेतले. मी नियम केला, दर पाच मिनिटांनी सावलीतल्याने पाढा विचारायचा आणि उन्हातल्याने तो म्हणायचा. चुकला की खलास, खाली उतरायचं. गंमत म्हणून सुरू झालं आणि मग पक्कंच झालं. आमचा सेफ्टी ऑफिसर इजिप्तचा होता, त्याला हे इतकं आवडलं की त्याने आमच्या रोजच्या फॉर्ममध्ये त्यासाठी एक रकाना घातला. किती वाजता विचारलं, उत्तर बरोबर की चूक. मी तर हवेतच होतो. आमच्या मास्तरांच्या छडीचा उपयोग अबूधाबीत होतोय म्हणून मी गावी फोन करून सांगितलं होतं.

या पाढ्यांत आमचा बादशहा म्हणजे गणपतदादा. मंडणगडकडचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. हुद्द्याने तो माझ्या हाताखाली, पण मी त्याला दादाच म्हणायचो आणि तो मला सरळ दिल्या. उंच, सडसडीत, बोलणं कमी. असा कामगार मी पुन्हा पाहिला नाही. बंद युनिटवर नुसता तळहात ठेवून तो काय बिघडलंय ते सांगायचा, आणि आम्ही मीटर लावून तेच शोधायचो. काम झाल्यावर लोकांच्या गच्च्या झाडून यायचा. मी म्हणायचो, "दादा, यल्ला, उशीर होतोय." तो म्हणायचा, "आपण येऊन गेलो हे दिसायला नको." आणि पाढे म्हणाल तर तीसपर्यंत, वर पावकी-निमकी. सकाळी गाडीत आम्ही त्याला मुद्दाम मधूनच विचारायचो आणि तो खिडकीबाहेर बघत बघत सांगायचा.

आठेक वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. खलिफा सिटीतल्या एका जुन्या व्हिलातून तक्रार आली, वरचे दोन्ही युनिट बंद. घरात एक अरबी आजी, सगळे त्यांना उम्म सईद म्हणत, आणि त्यांचा स्वयंपाकी बशीर, केरळचा. बाकी कुटुंब सुट्टीत थंड देशात गेलेलं. आजी जायला तयार नव्हत्या. आम्ही आत शिरलो तेव्हा घर भट्टी झालेलं, आणि आजी दिवाणखान्यात दाराला ओली चादर टांगून तिच्यातून येणाऱ्या झोतात शांत बसलेल्या. मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या संगतीने शिकलेल्या हिंदीत म्हणाल्या, "आराम से करो बच्चा. जब एसी नहीं था, तब भी हम था."

मी मात्र आरामात नव्हतो. साडेअकरा वाजलेले. साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद, हा इथला उन्हाळ्यातला नियम, आणि तो मोडायचा प्रश्नच नव्हता. साडेबाराच्या आत एक तरी युनिट सुरू झालं नाही, तर ऐंशीच्या पुढची बाई तीन वाजेपर्यंत त्या भट्टीत. माझ्या डोक्यात तेवढंच होतं, हे मी माझी बाजू म्हणून सांगत नाही, तसं होतं म्हणून सांगतो.

समुद्राकडून दमट हवा येत होती. अशा हवेत घाम वाळत नाही, अंगावरून नुसता गळतो. पहिली पंधरा मिनिटं मी केली, जळलेली मोटर काढली. मग दादा गेला नवी बसवायला. ती मोटर बसवताना एक हात जाळीच्या आत घालून तिला खालून उचलून धरायचं आणि दुसऱ्या हाताने बोल्ट फिरवायचे. मध्येच हात काढला तर मोटर सरकते आणि पुन्हा पहिल्यापासून. मी सावलीत फॉर्म घेऊन बसलो. पाच मिनिटांनी पाढा विचारला, बरोबर. दहा मिनिटांनी विचारला, बरोबर. दोन्ही लिहिले.

त्यानंतर दादा म्हणाला, "दिल्या, जरा उतरतो."

तो असं कधी म्हणत नसे. इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडून ते ऐकलं नव्हतं. मी काय केलं? मी घड्याळात बघितलं. चार बोल्टपैकी दोन बसले होते. मी म्हटलं, "दादा, सतराचा म्हण बघू."

तो थांबला, मग म्हणाला. सतरा, चौतीस, एक्कावन्न, अडुसष्ट, थेट सत्तरासेपर्यंत, अडखळला नाही. मी म्हटलं, "बघ, काही झालेलं नाहीये तुला. दोनच बोल्ट राहिलेत, ते मारून टाक." आणि फॉर्मवर तिसऱ्यांदा बरोबर अशी खूण केली. तो परत कामाला लागला.

तेवढ्यात बशीर आमच्यासाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन वर आला. दोन मिनिटांत त्याच्या नाकावरून घाम गळायला लागला. त्याने एक बाटली दादाला दिली. दादाने ती घेतली आणि उघडून पिण्याऐवजी हत्यारांच्या पेटीत नीट उभी करून ठेवली. बशीर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याच्या मानेला हात लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "फोरमन, इसका पसीना किधर है?"

मी उठून गेलो. दादाचा चेहरा लाल आणि कोरडा होता. त्या हवेत, त्या गच्चीवर, कोरडा. मी म्हटलं, "दादा, चल खाली." तो म्हणाला, "आईला विचारून येतो." त्याची आई जाऊन वीस वर्षं झाली होती. दुसऱ्या क्षणी त्याचे पाय गेले.

आम्ही दोघांनी त्याला जिन्यावरून कसं खाली आणलं ते मला नीट आठवत नाही. बाथरूममध्ये टबात ठेवला, आणि मी, ज्याने इतकी वर्षं पाहुण्यांना नळ शिकवले, त्या मी घाईने निळा नळ सोडला. तापलेल्या माणसाच्या अंगावर कढत पाणी. बशीरने मला अक्षरशः ढकललं आणि लाल नळ सोडला. मग तो फ्रीझरकडे धावला आणि असेल ते घेऊन आला. गोठलेली मासळी, मटार, परोठ्यांची पाकिटं. ती आम्ही दादाच्या काखेत आणि मानेखाली लावली. उम्म सईद काठी टेकत आल्या, टांगलेली ओली चादर त्यांनी स्वतः काढून आणली होती. "इसको ऊपर पकड़ो और हवा करो, रुको मत," म्हणाल्या, आणि एक टोक स्वतःच्या हातात धरून हवा घालायला लागल्या. अॅम्ब्युलन्सला त्यांनीच अरबीत फोन केला होता. एवढ्या वयाची बाई, परक्या कामगारासाठी हात दुखेपर्यंत चादर हलवत होती आणि हळू आवाजात प्रार्थना करत होती. तिच्यापुढे मी आजही मनातल्या मनात वाकतो.

आणि दादा पाढा म्हणत होता.

डोळे अर्धे मिटलेले, मला ओळखत नव्हता, पण ओठ हलत होते. सतरा, चौतीस, एक्कावन्न. संपला की पुन्हा पहिल्यापासून. एकही चूक नाही. अॅम्ब्युलन्सवाले आले, नाडी बघितली, सलाइन लावलं, स्ट्रेचरवर घेतलं, तरी त्याचं चालूच. मी त्याच्या शेजारी उभा राहून ते ऐकलं. लहानपणी मास्तरांनी जे घोटून घेतलेलं असतं, त्याला डोकं लागत नाही. ते जिभेत असतं. माणूस आतून गेला तरी ते चालू राहतं. माझी सगळी तपासणी, फॉर्ममधला तो रकाना, सगळं फुकट होतं. आणि ज्या एका गोष्टीला डोकं लागतं, ते "जरा उतरतो", ते त्याने मला शुद्धीत असताना सांगितलं होतं.

तीन दिवस तो आयसीयूत होता. डॉक्टर किडनीबद्दल बोलत होते. मंडणगडला वहिनींना फोन मीच केला. त्या रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तुम्ही होता ना भाऊजी तिथं?" मी हो म्हटलं. याहून कठीण काही मी आयुष्यात बोललो नाही.

चौथ्या दिवशी दादा शुद्धीवर आला. किडन्या सावरल्या. आवाज बसलेला, पण मला बघून "दिल्या" म्हणाला आणि मी वॉर्डच्या बाहेर जाऊन रडून आलो.

इकडे कंपनीत चौकशी सुरू झाली. सेफ्टी ऑफिसरने माझा फॉर्म बघितला आणि त्याला हायसं वाटलं. तीन वेळा विचारलेलं, तीनही बरोबर, वेळा लिहिलेल्या. "वेरी गुड, हबीबी," म्हणाला, "यू फॉलोड एव्हरीथिंग." अहवालात आता एकच प्रश्न उरला होता, कामगाराने काम थांबवायची विनंती केली होती का. तो माझ्याकडे न बघताच पेन घेऊन बसला होता. नाही म्हणायला माझी जीभही हलवावी लागली नसती, मान हलवली असती तरी चाललं असतं. दादाला तर गच्चीवर चढल्यानंतरचं काहीच आठवत नव्हतं. जिन्याच्या पायऱ्या आठवतात, म्हणायचा, पुढचं कोरं. म्हणजे ते दोन शब्द या जगात एकट्या माझ्याकडे होते. माझी नोकरी, मुलीची शाळा, इथलं राहणं, सगळं त्यांच्यावर. मी म्हटलं, उद्या सांगतो.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये गेलो आणि दादाला सगळं सांगितलं. तू उतरतो म्हणालास, मी पाढा म्हणायला लावला, आणि बरोबर आला म्हणून तुला परत पाठवला. काही गाळलं नाही. तो छताकडे बघत राहिला. मग विचारलं, "ऑफिसरला सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग सांग," तो म्हणाला. "माझ्यासाठी नको. दुसरा कोणी उतरतो म्हणाला तर त्याला उतरू देतील."

दुसऱ्या दिवशी मी हो असं लिहिलं आणि खाली जे घडलं ते सगळं लिहिलं. ऑफिसर दोनदा म्हणाला, विचार कर. मला फोरमनवरून खाली घेतलं, वॉर्निंग लेटर दिलं. काढून टाकलं नाही, ते का ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. रकाना फॉर्ममधून गेला. त्याच्या जागी एक ओळ आली, की गच्चीवरचा माणूस उतरतो म्हणाला की उतरेल, त्याला कोणी कारण विचारणार नाही. चार वर्षांनी मला पुन्हा फोरमन केलं, तेव्हाही ती ओळ होतीच. कितीतरी जण तिचा फायदा घेत. सिगरेट ओढायला उतरत, गावी व्हिडिओ कॉल करायला उतरत, मला माहीत असायचं. मी गप्प बसायचो. खुशाल फसवा मला, शंभर वेळा फसवा.

दादाला डॉक्टरांनी पुन्हा उन्हात काम करायला बंदी केली. एकदा ज्याला असं ऊन लागलं, त्याला पुढे ते सोसत नाही म्हणतात. गच्चीवर जाऊ न शकणारा एसी मेकॅनिक कोणाला हवा. महिनाभरात त्याचं परतीचं तिकीट आलं. एअरपोर्टवर मीच सोडायला गेलो. त्याच्या बॅगेत उम्म सईदने दिलेला खजुराचा भला मोठा डबा होता आणि बशीरने बांधून दिलेला डोसा. पासपोर्ट तपासायच्या रांगेपाशी मी त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "दादा, मला माफ कर."

त्याने हात सोडवून घेतले नाहीत. माझ्याकडे सरळ बघत म्हणाला, "माफ केलं असं नाही म्हणणार मी, दिल्या. मी उतरतो म्हणालो होतो." मग म्हणाला, "पण तू खरं लिहिलंस. ते सोपं नव्हतं, मला माहीत आहे."

एवढं बोलून त्याने बॅग खांद्याला लावली आणि रांगेत जाऊन उभा राहिला. माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीचं इतकं चोख मोजमाप दुसऱ्या कोणी केलं नाही.